नगररचना आणि नगरशासन : एका विस्मृत अध्यासनाची कथा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



घरातील मुलगा अथवा मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, या प्रश्नाची उत्तरे व्यापारी समाजात जवळजवळ ठरून गेली आहेत. सी.ए., वैद्यक, अभियांत्रिकी, व्यवस्थापन. आणि काहीच न जमल्यास दुकानाची गादी आहेच. नगररचना व नगरशासन या विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, असे सुचविणारा पालक विरळाच. वास्तविक पाहता, ज्या शहरात पेढी आहे, घर आहे, देवस्थान आहे, त्या शहराचा रस्ता किती रुंद असावा, पाणी कोणी पुरवावे आणि त्याचा पैसा कोठून यावा, याचा विचार करणारे शास्त्र हेच. आणि या शास्त्राचे एक अध्यासन मुंबई विद्यापीठात 1919 इतक्या जुन्या काळी स्थापन झाले होते, हे आज फारच थोड्यांस ठाऊक असेल.

त्या अध्यासनावर प्रथम बसले ते स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस. जन्म 1854 चा. मूळचे जीवशास्त्रज्ञ, डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून 1914 मध्ये ते हिंदुस्थानात आले. जगभरच्या नगरांचे नकाशे व चित्रे यांचे त्यांचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडविले. गेडिस खचले नाहीत. मित्रांकडून नवी सामग्री मागवून 1915 च्या जानेवारीत त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरविलेच. 1917 या एकाच वर्षी त्यांचा थोरला पुत्र फ्रान्सच्या रणभूमीवर पडला आणि पत्नी कलकत्त्यास निवर्तल्या. तरीही त्यांचे काम थांबले नाही.

त्या काळी नगरसुधारणा म्हणजे पाडापाडी, अशीच समजूत होती. मुंबईत 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे प्रशस्त मार्ग काढले. काळबादेवीच्या कापड बाजाराला त्यांचा लाभ आजही होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्यांची बिऱ्हाडे उठली, ती माणसे शेजारच्याच चाळींतून दाटीने राहू लागली आणि तेथील गर्दी वाढली. गेडिस यांचा आक्षेप नेमका यावर होता. ते आधी पायी हिंडत, गल्लीबोळ पाहत, घरमालकाशी बोलत, आणि मगच नकाशा हाती घेत. कोठे एक पडके घर काढावे, कोठे आड स्वच्छ करावा, कोठे मोकळ्या जागेत झाड लावावे, अशा लहान उपायांनी वस्ती सुधारते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि पाडकामाच्या योजनेच्या मानाने त्याला खर्चही पुष्कळच कमी लागतो, हे ते हिशेब मांडून दाखवीत. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजविण्यापेक्षा त्यात मासे व बदके सोडावीत, असा त्यांचा सल्ला असे. अंगणातील तुळशीवरून घराची निगा ओळखावी, असे म्हणणारा हा बहुधा पहिलाच पाश्चात्त्य नगररचनाकार असावा.

इंदूरची हकिकत तर मुळातून ऐकण्यासारखी आहे. होळकरांच्या राजधानीत प्लेगचे थैमान चालू होते. गेडिस यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची सूत्रे स्वतःकडे मागून घेतली आणि जाहीर केले की, मिरवणूक ठरलेल्या जुन्या मार्गाने जाणार नाही. ज्या मार्गावरील घरांची सर्वाधिक स्वच्छता व डागडुजी झालेली असेल, त्याच मार्गाने जाईल. आपल्या दारावरून मिरवणूक जावी, असे कोणाला वाटणार नाही? घरोघर झाडलोट सुरू झाली, रंगरंगोटी झाली, केराच्या हजारो गाड्या शहराबाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती होते, घोडदळ होते, रोगराईचे राक्षस होते, प्लेगचा एक प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून आले ते शहराचे सफाई कामगार. त्यांच्या अंगावर स्वच्छ शुभ्र कपडे होते, डोक्यावर नवे फेटे होते, आणि त्यांच्या गाड्या धुऊन फुलांनी सजविलेल्या होत्या. ज्यांची सावलीही टाळली जात असे, त्यांना भर मिरवणुकीत सन्मानाचे स्थान मिळाले. कपड्याने माणसाची प्रतिष्ठा वाढते, असे कापड व्यवसायात नेहमी म्हटले जाते. येथे ते एका नगररचनाकाराने सिद्ध केले. शेवटी तुळशीची रोपे वाटण्यात आली आणि उंदराचे दहन झाले. प्लेग ओसरला, त्याचा हंगामही सरत आला होता, ही गोष्टही प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. 1918 मध्ये गेडिस यांनी इंदूर दरबारास सादर केलेला अहवाल दोन खंडांचा आहे.

अशा गृहस्थाच्या हाती मुंबई विद्यापीठाने जो विभाग सोपविला, त्याचे नाव होते ‘समाजशास्त्र व नागरिकशास्त्र’. त्यांच्याच शिफारशीने मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. 1924 मध्ये गेडिस परतले आणि विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. घुर्ये यांनी जात, कुटुंब, आदिवासी समाज यांवर मोलाचे कार्य करून भारतीय समाजशास्त्राचा पाया घातला. मात्र विभागाच्या नावातील दुसरा शब्द मागे पडला. महाराष्ट्रात ‘नागरिकशास्त्र’ म्हटले की आजही शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेली ती थोडीशी पानेच आठवतात आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती वाचून होतात!

पुढे नगररचनेचे शिक्षण वास्तुविशारद व अभियंते यांच्या संस्थांत गेले. दिल्लीला 1955 मध्ये, अहमदाबादला 1972 मध्ये त्याची विद्यालये निघाली. पालिकेच्या कारभाराचे प्रशिक्षण मुंबईत 1926 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेकडे राहिले. नकाशा एका हाती, खतावणी दुसऱ्या हाती.

याचा परिणाम प्रत्येक शहरात दिसतो. महाराष्ट्राच्या 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्यात उद्यान, शाळा, दवाखाना यांसाठी जागा आरक्षित होतात. दहा वर्षांत ती जागा संपादन न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही विहित मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण रद्द होते. आराखडा काढणाऱ्याने अंदाजपत्रक पाहिलेले नसते आणि अंदाजपत्रक करणाऱ्याने आराखडा. गिरणीकडे मालाची मागणी नोंदवायची आणि रकमेची तजवीज करायची नाही, असा हा व्यवहार. कोणतीही पेढी अशाने वर्षभरही टिकणार नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरनियोजन हा विषय पालिकांच्या कार्यसूचीत प्रथम क्रमांकावर लिहिला गेला. तरीही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महानगरपालिका तीन वर्षांहून अधिक काळ निर्वाचित सभागृहावाचून चालली.

नकाशा आणि कारभार यांची सांगड बसली की काय घडते, हे सुरतेने दाखविले. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो लोक ते शहर सोडून गेले. कापडाचा सारा व्यापार ठप्प झाला. 1995 मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्यास निर्णयाचे व खर्चाचे अधिकार दिले, आणि सर्वांना रोज सकाळी रस्त्यावर उतरविले. दोन वर्षांच्या आत देशातील स्वच्छ शहरांत सुरतेची गणना होऊ लागली. शहर तेच, माणसे तीच, पालिकेचे कर्मचारीही बहुतांशी तेच!

आता ही दोन्ही अंगे एकत्र शिकविणारे अभ्यासक्रम निघाले आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नागरी धोरण व शासन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यासाठी वास्तुशास्त्राचीच पदवी हवी, असे बंधन नव्हते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने तर याकडे आवर्जून पाहावे. 2004 मध्ये राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहिता आली आणि पालिकांना द्विनोंदी पद्धतीने हिशेब ठेवण्याची दिशा मिळाली. ताळेबंद वाचता येणारी माणसे तेथे हवीच आहेत.

शिक्षणसाहाय्य देणाऱ्या बहुतेक न्यासांच्या अर्जात वैद्यक, अभियांत्रिकी, सी.ए. असे रकाने छापलेले असतात आणि नगरशासन शिकू इच्छिणारा विद्यार्थी ‘इतर’ या रकान्यात जातो, जेथे रक्कम सर्वांत कमी असते. पुढील वर्षाचे अर्ज छापण्यापूर्वी विश्वस्त मंडळींनी त्यात या विषयासाठी एक स्वतंत्र रकाना घालावा, एवढी विनंती.