अलम् : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग



आज आपण ज्या वेलचेरीत जमलो आहोत, तेथील दंडीश्वराचे देऊळ चोळकालीन आहे. मार्कंडेयाच्या प्रसंगी यमाने गमावलेला दंड त्याला येथे शंकराच्या आराधनेने परत मिळाला, अशी स्थलकथा आहे. देवाचे नाव त्या दंडावरून पडले. मात्र माझे आजचे बोलणे यमदंडाविषयी नाही. या देवळात, आणि तमिळ प्रदेशातील बहुतेक देवळांत, रोज कानी पडणाऱ्या एका शब्दाविषयी मला बोलावयाचे आहे. तो शब्द म्हणजे ‘अलंकारम्’.

येथील पूजेचा क्रम आपल्या परिचयाचा आहेच. प्रथम अभिषेक होतो. दूध, चंदन, विभूती, पाणी यांनी मूर्ती न्हाऊन निघते आणि भक्त ते पाहत उभे असतात. मग पडदा ओढला जातो. पडद्यामागे वस्त्र नेसविले जाते, फुले वाहिली जातात, कधी सर्वांगी चंदनाचा लेप चढतो. ‘अलंकारम् चालू आहे’ असे सांगितले, की दर्शनाला थांबावयाचे, हे लहान मुलालाही समजते. पुढे घंटा वाजते, पडदा सरतो आणि दीपाराधना होते. याचा अर्थ असा, की येथील व्यवहारात अलंकार ही पेटीत ठेवण्याची वस्तू नसून करावयाची क्रिया आहे. न्हालेला देव दर्शन देण्यास सिद्ध झाला, की ती क्रिया संपली.

मराठीत या शब्दाची गत निराळी झाली. तेथे अलंकार म्हणजे एक तर सोन्याचा दागिना, नाही तर शाळेच्या व्याकरणात पाठ करावयाची उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांची यादी. ‘आलंकारिक’ हे विशेषण तर जवळजवळ दूषण होऊन बसले आहे. एखाद्याचे भाषण आलंकारिक होते असे म्हटले, की त्यात तथ्य थोडे आणि फुलोरा फार, हे न सांगता समजते. म्हणजे मूळची वस्तू आधीच पुरी असते आणि अलंकार हा तिला वरून चिकटविलेला जादा भाग, अशी समजूत त्यामागे आहे. शब्दाची घडण मात्र या समजुतीला पुष्टी देत नाही.

‘अलम्’ आणि ‘कृ’ हे त्याचे दोन घटक. पाणिनीने ‘अलम्’चा निर्देश निरनिराळ्या अर्थांनी केला आहे. एका ठिकाणी तो भूषणाच्या अर्थाने येतो. दुसऱ्या ठिकाणी चतुर्थी विभक्तीच्या संदर्भात येतो. तेथे त्याचा अर्थ ‘समर्थ, पुरेसा’ असा घेतला जातो: एक मल्ल दुसऱ्या मल्लाला ‘अलम्’ आहे, म्हणजे त्याला तो पुरून उरेल. तिसऱ्या ठिकाणी तो निषेध दर्शवितो. मराठीत आपण हात वर करून ‘पुरे’ म्हणतो, तोच हा भाव. सजविणे, पुरे पडणे आणि पुरे म्हणणे, हे तिन्ही व्यापार एकाच छोट्या अव्ययाकडे आहेत, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. ऋग्वेदात वायूला बोलावताना सोमरस ‘अरंकृत’ आहेत असे म्हटले आहे. ‘अरम्’ हे ‘अलम्’चेच जुने रूप. तेथे रसांना कोणी दागिने घातलेले नाहीत. ते पिण्यास तयार करून ठेवले आहेत, इतकेच. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली लिहिलेल्या एका निबंधात दाखवून दिले, की अनेक भाषांतील भूषणवाचक शब्द मूळचे सिद्धतेचे, साधनसामग्रीचे शब्द आहेत.

आपल्या बोलीतील पुरावा यापेक्षा जवळचा आहे. ‘सज्ज’ म्हणजे तयार आणि ‘सजलेली’ म्हणजे नटलेली. घोड्यावर चढवितात तो साज, गवई मैफलीत जुळवून घेतात तोही साज आणि गळ्यातला तोही कोल्हापुरी साज. खोगीर व लगाम नसलेला घोडा कुरूप नसतो. तो स्वारीला तयार नसतो.

संस्कृत काव्यशास्त्रात या प्रश्नावर दोन मते दिसतात. येथून सुमारे ७० किलोमीटरवर असलेल्या कांचीशी ज्याचे नाव जोडले जाते, तो दंडी इ. स. ७००च्या सुमारास होऊन गेला. (दंडीश्वराशी त्याचा काही संबंध नाही, नावाचे साम्य तेवढे गमतीचे आहे.) काव्याला शोभा आणणाऱ्या धर्मांना तो अलंकार म्हणतो. त्याने योजलेला शब्द ‘धर्म’ हा आहे, आणि धर्म काढून बाजूला ठेवता येत नाही. उष्णता हा अग्नीचा धर्म, तसा. पुढे अकराव्या शतकात काश्मीरमधील मम्मटाने अलंकारांना हाराची उपमा दिली: असले तर शोभा वाढते, नसले तरी काव्य राहते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मम्मटाचा हार घेतला आणि दंडीचा धर्म सोडला. मला हा व्यवहार तोट्याचा वाटतो. दंडीचा ग्रंथ मात्र दूरवर पोचला. नवव्या शतकातील कन्नड ‘कविराजमार्ग’ त्याच्या आधारावर उभा आहे. सिंहली, तमिळ आणि तिबेटी भाषांतही तो गेला. तमिळ अवताराचे नाव ‘दंडियलंकारम्’.

तमिळने याखेरीज आपला स्वतःचा शब्दही राखला: ‘अणि’. अक्षर, शब्द, आशय, छंद आणि अणि ही तमिळ व्याकरणाची पाच अंगे. अणि म्हणजे अंगावर घालावयाचे भूषण. पण अणि म्हणजे रांग, सैन्याची रचनाही. आज वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या संघाला अणि म्हणतात. ज्याच्या त्याच्या जागी उभे राहणे हा अर्थ त्यात अजून जिवंत आहे. हा शब्द मराठीत आणताना अनुवादकाने ‘अलंकार’ लिहिले तर रांग हरवते, आणि ‘रचना’ लिहिले तर शोभा हरवते.

ज्ञानेश्वरांनी हा तोल कसा सांभाळला ते पाहण्याजोगे आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाला वाङ्मयमूर्ती कल्पून त्यांनी अठरा पुराणांना त्याची रत्नभूषणे म्हटले. त्यांतील रत्ने म्हणजे सिद्धांत, आणि पदरचना हे कोंदण. कोंदण काढले तर रत्न हातातून निसटेल. भूषणाला त्यांनी काम दिले आहे.

पंढरपुरात २०२४ साली विठ्ठलमंदिराच्या जतनाचे काम चालले तेव्हा हाच प्रश्न दगडात उभा राहिला. मार्चच्या मध्यापासून पदस्पर्श दर्शन थांबविले होते. ते २ जूनला पुन्हा सुरू झाले. त्या अवधीत गाभाऱ्यातील चांदी आणि अलीकडच्या काळात बसविलेल्या फरश्या काढण्यात आल्या, आणि जुना काळा पाषाण उघडा झाला. चांदी भक्तांनी श्रद्धेने दिलेली होती, तिचा उपहास करण्याचे कारण नाही. परंतु त्या पाषाणाला सिद्ध होण्यासाठी तिची गरज नव्हती. तिने कोरीव रेषा झाकल्या होत्या. येथे ‘अलम्’चा तिसरा अर्थ लागू होत होता आणि तो पुष्कळ वर्षे कोणी उच्चारला नाही. वेलचेरीचे चंदन दुसऱ्या अभिषेकाला धुऊन जाते. भिंतीला ठोकलेला पत्रा असा जात नाही. तमिळनाडूतही जुन्या दगडी खांबांवर तैलरंग चढविल्याची उदाहरणे थोडी नाहीत, आणि त्या रंगाखाली अक्षरे गेली, की शिलालेख वाचणाऱ्याला बोटांनी चाचपावे लागते.

विठ्ठलाचे दागिने मात्र कोणी काढून टाकले नाहीत. नवरात्रात आणि दिवाळीत देवाला व रुक्मिणीमातेला परंपरागत अलंकार घातले जातात, आणि सण झाला की उतरवून पुन्हा खजिन्यात ठेवले जातात.