रिकाम्या जागांचे शास्त्र
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने रसायनशास्त्रातील आवर्तसारणीवर बोलावे, हे काहींना अनधिकार चेष्टेसारखे वाटेल. माझे समर्थन एवढेच की, हा विषय मुळात वर्गीकरणाचा आहे आणि वर्गीकरण हा ग्रंथालयाचा प्राण आहे. शिवाय या सारणीशी जवळचे साम्य असणारी एक मांडणी आपण सर्वांनी बालपणी पाटीवर गिरवलेली आहे.

ग्रंथालयातील पुस्तकाला दोन क्रमांक असतात. दाखल क्रमांक ते केव्हा आले हे सांगतो, वर्गांक ते कोणत्या विषयाचे आहे हे सांगतो. एकावरून दुसरा काढता येत नाही. मूलद्रव्यांच्या राज्यात मात्र एक नवल घडते. तेथे एकच क्रमांक दोन्ही कामे करतो. मूलद्रव्ये क्रमाने मांडत गेले की समान स्वभावाची मूलद्रव्ये ठरावीक अंतराने पुन्हा भेटतात, आणि ओळी योग्य जागी मोडल्या की ती एकाखाली एक येऊन बसतात.

आपली वर्णमाला आठवा. क, ख, ग, घ, ङ. मग च, छ, ज, झ, ञ. आडव्या ओळीत उच्चाराचे स्थान एकच राहते आणि प्रयत्न बदलतो. उभ्या रांगेत स्थान बदलते, पण गुण तोच राहतो. दुसऱ्या रांगेतील ख, छ, ठ, थ, फ हे सारे महाप्राण, आणि प्रत्येक पाचव्या घरी अनुनासिक. गुणांची ही ठरावीक अंतराने होणारी पुनरावृत्ती म्हणजेच आवर्तन. आवर्तसारणीतील आडव्या ओळींना आवर्त व उभ्या रांगांना गण म्हणतात.

ही मांडणी एका दिवसात सापडली नाही. १८२९ साली जर्मनीतील डोबेरायनर यांनी मूलद्रव्यांची त्रिके दाखवली. लिथियमचा अणुभार सुमारे ७, पोटॅशियमचा ३९ आणि स्वभावाने मधल्या सोडियमचा बरोबर मधला, २३. १८६५ साली इंग्लंडमधील न्यूलँड्स यांनी अणुभारांच्या चढत्या क्रमात दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असल्याचे सांगितले. सा रे ग म म्हणत गेल्यावर आठवा स्वर पुन्हा षड्जच लागतो, तसे. पुढच्या वर्षी लंडनच्या केमिकल सोसायटीत त्यांना विचारण्यात आले की, मूलद्रव्ये आद्याक्षरांनुसार लावून पाहिलीत का? थट्टा क्रूर होती. पण त्यांच्या मांडणीत दोष होताच. ती कॅल्शियमच्या पुढे नीट चालत नव्हती, कारण त्यांनी अज्ञात मूलद्रव्यांसाठी जागाच सोडल्या नव्हत्या.

ते धाडस १८६९ साली सेंट पीटर्सबर्ग येथील प्राध्यापक दिमित्री मेंडेलीव्ह यांनी केले. तेव्हा त्रेसष्ट मूलद्रव्ये ठाऊक होती. क्रम लावताना जेथे स्वभाव जुळेना, तेथे त्यांनी पुढचे मूलद्रव्य ओढून बसवले नाही. घर रिकामे ठेवले. आणि १८७१ साली त्या रिकाम्या घरांत राहावयास येणाऱ्यांची वर्णनेही लिहून ठेवली. सिलिकॉनच्या खालच्या घरातील मूलद्रव्याचा अणुभार ७२ व घनता ५.५ असेल, असे त्यांनी लिहिले. १८८६ साली विंकलर यांना जर्मेनियम सापडले. त्याची घनता ५.३५ व अणुभार सुमारे ७२.६. त्यापूर्वीच १८७५ साली गॅलियम व १८७९ साली स्कँडियम मिळाले होते. गॅलियम शोधणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याची घनता ४.७ मोजली. ज्यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, त्या मेंडेलीव्ह यांनी ती ५.९च्या आसपास असली पाहिजे असे कळवले. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर मेंडेलीव्हच बरोबर ठरले.

आपल्या दृष्टीने कुतूहलाची गोष्ट अशी की, या अज्ञातांना त्यांनी संस्कृत संख्यावाचकांच्या आधारे नावे दिली. ॲल्युमिनियमच्या खालचे ते एक-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचे एक-सिलिकॉन. आणखी खालच्यांसाठी द्वि आणि त्रि. त्या काळी सेंट पीटर्सबर्ग हे संस्कृत अध्ययनाचे मोठे केंद्र होते. पाणिनीचे संपादन करणारे ओटो बोटलिंक यांनी रूडॉल्फ रोट यांच्यासह सिद्ध केलेला विख्यात संस्कृत कोश तेथूनच प्रसिद्ध होत होता. वर्णमालेच्या रचनेचा प्रभाव मेंडेलीव्ह यांच्यावर पडला असावा, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे. तर्क मोहक आहे. पण तो तर्कच समजावा. तीन संस्कृत शब्दांच्या बळावर आवर्तसारणी आमचीच होती असे म्हणणे, हा मेंडेलीव्ह यांच्यावर अन्याय आहे आणि पाणिनीवरही. दोघांच्या कामात साम्य आहे ते मिरवण्याजोगे नसून शिकण्याजोगे आहे.

अणुभारांचा क्रम मात्र काही ठिकाणी अडत होता. टेल्युरियमचा अणुभार १२७.६, आयोडीनचा १२६.९. भाराने पाहिले तर आयोडीन आधी यावे. पण ते उघडच क्लोरीन-ब्रोमीनच्या कुळातले. मेंडेलीव्ह यांनी कुळाला मान देऊन क्रम उलटा केला आणि टेल्युरियमचा भार चुकीचा मोजला गेला असेल असे मानले. निर्णय योग्य होता, दिलेले कारण चुकीचे. खरे कारण १९१३ साली हेन्री मोसली यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. क्रम ठरतो तो भारावरून नव्हे, अणुकेंद्रातील धनभारावरून, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येवरून. हाच अणुक्रमांक. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. कोणती घरे रिकामी आहेत, हे आता अंदाजाने नव्हे तर मोजून सांगता येऊ लागले. मोसली १९१५ साली गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले. वय अवघे सत्तावीस.

आता प्रश्न उरतो की, स्वभाव पुन्हा पुन्हा का येतो? अणुकेंद्राभोवती इलेक्ट्रॉन थराथराने असतात आणि मूलद्रव्याचा व्यवहार मुख्यतः सर्वांत बाहेरच्या थरावर ठरतो. सोडियम व पोटॅशियम यांच्या बाहेरच्या थरात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून दोघेही तो देऊन टाकण्यास उतावीळ. क्लोरीनकडे सात, म्हणून ते एक घेण्यास उत्सुक. या देवाणघेवाणीतूनच आपल्या पानातले मीठ होते. निऑन व आर्गॉन यांचे आठ पूर्ण. त्यांना सहसा कोणाकडून काही नको. तेथे ओळ संपते.

ओळींची लांबी २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशी आहे. बेरीज ११८. ही विषम लांबीही लहरीने आलेली नाही. बाहेरच्या थरात प्रथम दोन व नंतर सहा जागा, मिळून आठ. चौथ्या ओळीपासून मध्ये आतल्या थराच्या दहा जागा भरू लागतात, म्हणून अठरा. लोखंड, तांबे, चांदी, सोने ही या मधल्या पट्टीतली. सहाव्या ओळीपासून त्याहून आतल्या चौदा जागा, म्हणून बत्तीस. हे चौदा-चौदांचे दोन पट्टे सारणीखाली वेगळे छापतात, ते पानाची रुंदी पुरत नाही म्हणून. मोठ्या आकाराचे ग्रंथ आपण निराळ्या फळीवर ठेवतो, तसेच हे. २०१६ साली शेवटच्या चार मूलद्रव्यांना नावे मिळाली आणि सातवी ओळ पूर्ण झाली.

एका घरात दोघे राहू शकतात का? 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगत राहा. मराठीत उच्चार दोन, पण वर्णमालेत घर एकच. प्रोटॉन सारखे पण भार निराळा, असे अणूही एकाच घरात राहतात; त्यांना समस्थानिके म्हणतात. समस्थानिक म्हणजे एकाच स्थानी असणारा. परिभाषा किती अन्वर्थक असू शकते, याचा हा नमुना आहे.

मित्रहो, पुस्तकांच्या ढिगाला आपल्यात काय नाही हे कळत नाही. ते फक्त लावलेल्या कपाटाला कळते. मेंडेलीव्ह यांचे सारेच अंदाज खरे ठरले नाहीत. हायड्रोजनहून हलकी मूलद्रव्ये त्यांनी कल्पिली, ती कधीच सापडली नाहीत. आर्गॉन हे मूलद्रव्य आहे हे मान्य करण्यास ते प्रारंभी तयार नव्हते. तरीही ते मोठे ठरले, कारण उणीव झाकण्याऐवजी त्यांनी तिला घर दिले, क्रमांक दिला, नाव दिले.

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षांत काय जमवले, याचा लेखाजोखा या स्मरणिकेत येईलच. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, त्यासोबत एक दुसरी यादीही करावी: मराठीत कोणत्या विषयांची फळी आपल्याकडे रिकामी आहे, त्याची. कथा-कादंबऱ्या सरकवून ती फळी भरू नये. तेथे विषयाचे नाव लिहावे आणि जागा मोकळी ठेवावी. रिकामी जागा दिसली, तरच ती भरण्याची इच्छा एखाद्या तरुण वाचकाला होईल.