बसल्या जागेवरून उठणे

(ज्येष्ठ सभासदांच्या रविवारच्या सभेत दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून)



वार्धक्यातही शरीराने सक्षम व मनाने समाधानी कसे राहावे, हा विषय मला देण्यात आला आहे. मी परिचारिका. सारी नोकरी रुग्णालयात गेल्यामुळे उपदेश करण्याची सवय अंगात मुरलेली आहे. तरीही आज आरंभ माझ्याच एका चुकीपासून करते.

माझ्या सासूबाई रेवदंड्याच्या. विहिरीचे पाणी शेंदणे, पाट्यावर वाटण वाटणे, पाटावर बसून जेवणे व हात न टेकता उठणे, यांत त्यांची साठ-पासष्ट वर्षे गेली. पुढे त्या मुंबईत आमच्याकडे आल्या. एकदा न्हाणीत घसरल्या. हाड मोडले नाही, मुका मार लागला. परंतु मी परिचारिका ना! मी फर्मान काढले, “आई, आता तुम्ही उठायचे नाही. सारे हातात मिळेल.” पाणी हातात, ताट हातात, शब्बाथचा दिवा लावायचा तर तोही खुर्चीजवळ. वर्ष सरण्यापूर्वीच त्यांना आधाराशिवाय उभे राहता येईना. एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “तू माझे सगळे करतेस ग, पण माझ्याकडे कोणी काही मागत नाही.” त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

शास्त्र असे आहे की म्हाताऱ्या माणसाचे स्नायू अंथरुणावर काही दिवसांतच झिजू लागतात आणि गेलेली शक्ती परत यायला कित्येक आठवडे लागतात. आमच्या शिक्षणाच्या काळी विश्रांती हेच औषध समजले जाई. वॉर्डात कितीतरी आजीआजोबांना मी ‘उठू नका, पडाल’ म्हणून दटावले आहे. हेतू चांगला होता; परिणाम चांगला झाला असे म्हणवत नाही.

माझा मुलगा टोकियोत निशी-कासाई भागात राहतो. तिथे भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. मी बहात्तर वर्षांची असताना तीन महिने त्याच्याकडे राहिले. गुडघे दुखत, म्हणून खुर्ची सोडत नसे. पहाटे झोप मोडे. एक दिवस खिडकीतून पाहते तो जवळच्या बागेत वीसेक वृद्ध माणसे एका लहानशा रेडिओभोवती उभी. बरोबर साडेसहाला पियानो वाजला आणि सगळ्यांचे हात एकदम वर गेले. हा ‘राजिओ ताइसो’, म्हणजे रेडिओवरील व्यायाम. तो तिथे १९२८ साली सुरू झाला. युद्धानंतर काही काळ बंद पडला आणि १९५१ पासून आजच्या स्वरूपात चालू आहे. एक संच जेमतेम तीन मिनिटांचा. त्यात अवघड असे काही नाही. अवघड आहे ते रोज उठून तिथे जाणे. आणि तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी चौकशी करते.

त्यांतल्या एका बाईंनी मला चहाला बोलावले. वय बोटांनी सांगितले, अठ्ठ्याऐंशी! चटईवर बसलो. त्या हातात तबक घेऊन सरळ उठल्या. मला मात्र कुशीवर वळून, गुडघे टेकून, मेज धरून उठावे लागले. मला सासूबाईंची खुर्ची आठवली.

जपानच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली या शक्तिक्षयाला ‘लोकोमोटिव्ह सिंड्रोम’ असे नाव दिले. त्यांची एक चाचणी घरी करण्यासारखी आहे. ४० सेंटीमीटर उंचीच्या आसनावरून हात न टेकता एका पायावर उठता येते का? येत नसेल तर ऱ्हासाची सुरुवात झाली. २० सेंटीमीटरवरून दोन्ही पायांवरही उठता येत नसेल तर तो पुढे गेला. आपला जेवणाचा पाट त्याहूनही ठेंगणा होता! कोकणातल्या आपल्या आयांनी ही परीक्षा दिवसातून कितीदा दिली असेल? (करून पाहताना भिंत जवळ असू द्या आणि घरात दुसरे माणूसही. मला तुमच्या घरी पट्टी बांधायला यायचे नाही.)

आता डॉक्टर शिगेआकी हिनोहारा यांच्याविषयी. जन्म १९११, मृत्यू २०१७, म्हणजे १०५ वर्षांचे आयुष्य. टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात शंभरीनंतरही ते काम करीत. जिने चढत, आपले सामान आपणच उचलत. परिचारिकांच्या शिक्षणासाठी त्यांनी फार केले, म्हणून मला त्यांचे विशेष अगत्य. ३१ मार्च १९७० रोजी ते ज्या विमानात होते, त्याचे अपहरण झाले. तेव्हा वय अठ्ठावन्न. सुटका होऊन जमिनीवर पाय ठेवला, तेव्हा त्यांना वाटले की उरलेले आयुष्य आपल्याला दान मिळाले आहे, ते इतरांसाठी खर्चावे. आपल्याकडे संकटातून सुटल्यावर एलियाहू हनावीच्या नावाने मलिदा करतात. तीच ही भावना. पुढे २००० साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी पंचाहत्तरीपुढील लोकांसाठी ‘नववृद्ध’ संघ काढला. तिथे वृद्धांकडे सेवेचे पात्र म्हणून पाहत नसत. तुम्ही काय देता, हे विचारत.

जपानात १९६३ साली शंभरी गाठलेली माणसे १५३ होती. २०२५ साली ती ९९ हजारांवर गेली, आणि त्यांत दहांतल्या जवळजवळ नऊ बायका. तरी तो स्वर्ग आहे असे समजू नका. एकट्याने मरण आलेली आणि अनेक दिवस कोणाला न कळलेली माणसेही तिथेच आहेत. आपल्यातही किती घरांत मुले अश्दोदला किंवा लोदला आणि आईवडील ठाण्यात! ‘इकिगाई’ या शब्दाची हल्ली पुस्तकांतून फार चलती आहे. बागेतल्या त्या मंडळींच्या तोंडून तीन महिन्यांत मी तो एकदाही ऐकला नाही. त्यांपैकी एक आजोबा मात्र स्टेशनजवळ सायकली ओळीने लावण्याचे काम करायला घाईघाईने निघून जात.

तोरा आपल्याला शिकवते की पिकल्या केसांपुढे तरुणांनी उठून उभे राहावे. आपल्या सिनेगॉगमध्ये मुले ते पाळतात, त्यांचे कल्याण असो. पण अमीदासाठी आपल्याला स्वतः उठायचे असते. गुडघ्यांच्या निमित्ताने मी चार वर्षे वरच्या सज्जात गेले नव्हते. खालीच, दाराजवळ खुर्ची टाकून बसत असे. परत आल्यापासून रोज सकाळी पलंगाच्या कडेवरून दहा वेळा उठते, ओट्याला हात लागेल अशा बेताने एकेका पायावर मिनिटभर उभी राहते, आणि अंडे किंवा मासळी चुकवीत नाही. सुनेला मी सांगितले आहे की दळण आणि भाजी मीच आणणार. ती आता यादी करून हातात देते. यंदा रोश हशानाला मी सज्जात होते. बावीस पायऱ्या आहेत, शेवटच्या चार कठडा धरून चढले.

पुढल्या रविवारी सकाळी सात वाजता मी खालच्या अंगणात असेन. ज्यांना यायचे त्यांनी सपाट तळव्याच्या चपला घालून यावे. घरी जुना पाट असेल तर तोही आणावा.