दोन वर्षांच्या शिक्षणाचे मोल



दहावी-बारावीचे निकाल लागले की गोंदिया जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न चर्चिला जातो. मुलाने किंवा मुलीने महाविद्यालयात जाऊन पूर्ण पदवी घ्यावी, की दोन वर्षांचा एखादा अभ्यासक्रम पुरा करून लवकर कामाला लागावे? अर्जुनी मोरगावच्या धान उत्पादकाच्या घरी हा प्रश्न असतो, गोंदियाच्या बाजारपेठेतील दुकानदाराच्या घरी असतो, आणि सालेकसा-देवरीकडील टोल्यावरही असतो. धानाची एखादी बांधी गहाण ठेवून किंवा आईचे दागिने मोडून शुल्क भरले जाते, तेव्हा त्या दोन वर्षांचे मोल काय, याचा विचार प्रवेशाआधी व्हावयास हवा. बहुधा तो नंतर होतो.

दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण ही कल्पना नवी नाही. 1970 च्या दशकात 10+2+3 ही रचना येण्यापूर्वी मॅट्रिकनंतर 'इंटर' ही पायरी होती, आणि इंटर उत्तीर्ण झालेल्या तरुणास कचेरीत मान होता. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. आज तेथे अशा महाविद्यालयांतून 'असोसिएट' पदवी मिळते. ती घेऊन कोणी थेट कामाला लागतो, तर कोणी विद्यापीठात पुढील वर्षांचे शिक्षण घेतो. भारतात दोन वर्षांची पदवी नाही, परंतु दोन वर्षांच्या पदविका व प्रमाणपत्रे पुष्कळ आहेत. त्यांतील एका पदविकेचा इतिहास महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. ती पदविका म्हणजे डी.एड.

1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याच सुमारास राज्यात डी.एड.चे आकर्षण शिगेला पोहोचत होते. बारावीनंतर दोन वर्षे शिकावे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी व्हावे, यापरते सुरक्षित भवितव्य ग्रामीण कुटुंबास दिसत नव्हते. 2000 साली शिक्षणसेवक योजना आली. दरमहा 3000 रुपये मानधनावर तीन वर्षे सेवा करावयाची आणि मग कायम व्हावयाचे, हेही तरुणांनी आनंदाने पत्करले. बारावीला उत्तम गुण मिळविणारी हुशार मुले-मुली विज्ञानाची वाट सोडून अध्यापक विद्यालयाकडे वळली. खाजगी अध्यापक विद्यालये भराभर उघडली. शासनाच्या यादीत नाव न आलेल्यांनी व्यवस्थापन कोट्यातील जागांसाठी जमेल तसा पैसा उभा केला.

पुढे काय झाले, हे सर्वश्रुत आहे. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी शिक्षक पात्रता परीक्षेची अट आली. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, शिक्षक अतिरिक्त ठरू लागले आणि 2012 पासून भरती थांबली. महाराष्ट्राची पहिली पात्रता परीक्षा डिसेंबर 2013 मध्ये झाली. त्यानंतर अभियोग्यता चाचणीसाठी डिसेंबर 2017 उजाडला, आणि नेमणुका 'पवित्र' या संगणकीय प्रणालीतून होऊ लागल्या. या काळात हजारो पदविकाधारकांचे वय वाढत गेले. कोणी राइस मिलमध्ये हिशेब लिहू लागले, कोणी शिकवण्या घेऊ लागले, कोणी नागपूर-पुण्याची वाट धरली. विद्यार्थी मिळेनासे झाले तशी अनेक अध्यापक विद्यालयेही बंद पडली.

या अनुभवावरून 'दोन वर्षांचे शिक्षण निरुपयोगी' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. डी.एड.मध्ये शिकविले जाणारे बालमानसशास्त्र किंवा अध्यापनपद्धती खोटी नव्हती. अडचण अशी होती की त्या पदविकेस मुख्यतः एकच मालक होता, आणि तो म्हणजे शासकीय व अनुदानित शाळा. त्याने दार लावून घेताच दुसरे दार नव्हते. उलट, 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. नव्हे, तर हीच दोन वर्षांची पदविका ग्राह्य ठरविली, तेव्हा तिचे मोल पुन्हा वाढले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मात्र 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करण्याचे उद्दिष्ट आहे. तात्पर्य असे की प्रमाणपत्राचा भाव त्याच्या कागदावर लिहिलेला नसतो. तो नियमांवर आणि मागणीवर ठरतो, आणि दोन्ही बदलतात.

म्हणून कोणत्याही दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, हे शिक्षण नावानिशी मागणारे किती जण आहेत? दुसरा, नोकरी न मिळाल्यास या शिक्षणाच्या बळावर स्वतःचे काम उभे राहील काय? तिसरा, याच्या पुढची पायरी आहे काय, की वाट येथेच संपते?

या कसोटीवर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आयटीआयमधील, दोन वर्षांचे व्यवसाय पाहावेत. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, यंत्र कारागीर हे ते व्यवसाय. समाजात आयटीआयकडे आजही कमी गुणांच्या मुलांची जागा म्हणून पाहिले जाते. परंतु पहिल्या प्रश्नाचे तिचे उत्तर भक्कम आहे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी दहावीसोबत वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाची पात्रता मागितली जाते. रेल्वेत सहाय्यक लोको पायलट होण्यासाठी ठरावीक व्यवसायांचे आयटीआय प्रमाणपत्र चालते, आणि गोंदिया हे तर मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन आहे. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 नुसार तीस वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तिरोडा येथील 3300 मेगावॅटच्या औष्णिक विद्युत प्रकल्पापासून गावोगावच्या राइस मिलपर्यंत मोटार, पट्टा आणि पॅनेल जाणणारा माणूस लागतोच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही होकारार्थी आहे, कारण वीजतंत्री गावात स्वतःचे दुकान टाकू शकतो. तिसऱ्याचेही तसेच. दोन वर्षांचे आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी तंत्रनिकेतनाच्या पदविकेस थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश घेऊ शकतात आणि तेथून अभियांत्रिकीकडे जाऊ शकतात. अनेकांच्या वाट्यास आरंभी ठेकेदाराकडील काम आणि तुटपुंजी मजुरी येते, हेही खरे आहे. ज्याने दोन वर्षांत हातात पाना न धरता केवळ हजेरी भरली, त्याचे प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी उघडे पडते.

व्यापारी कुटुंबांस जवळचा असलेला दुसरा अभ्यासक्रम म्हणजे डी.फार्म. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षे आणि 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असे त्याचे स्वरूप आहे. औषध दुकानात औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दिली पाहिजेत, असा कायदाच असल्याने या पदविकेस आधार आहे. पुढे बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षी थेट प्रवेशही मिळतो. तथापि येथे डी.एड.ची आठवण ठेवावी. महाविद्यालयांची वाढ पाहून भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषदेने 2019 मध्ये नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती बंदी न्यायालयांत टिकली नाही, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयानेही परिषदेचे म्हणणे फेटाळले. 2022 मध्येच परिषदेने नोंदणीपूर्वी बहिर्गमन परीक्षेचा नियम केला. दुकानात स्वतः बसून काम करू इच्छिणाऱ्या मुलास ही पदविका बळ देईल. केवळ परवान्यासाठी आपले प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दुकानात भिंतीवर टांगून घरी बसू पाहणारा मात्र कायदाही मोडतो आणि शिकलेली विद्याही गमावतो.

आता तिसरा, सर्वांत नवा प्रकार आला आहे. नव्या धोरणानुसार पदवीचा विद्यार्थी एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडू शकतो. त्यासाठी 88 श्रेयांकांखेरीज चार श्रेयांकांचा कौशल्यविषयक अभ्यासक्रम किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव पूर्ण करावा लागतो. पुढे ठरावीक मुदतीत परत येऊन पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. घरच्या अडचणीमुळे, आजारपणामुळे किंवा विवाहामुळे शिक्षण सुटणाऱ्या मुलींसाठी ही सोय मोलाची आहे, कारण पूर्वी दोन वर्षे शिकून सोडणाऱ्यांच्या हाती काहीच उरत नसे. मात्र पदवीची अट असलेल्या स्पर्धा परीक्षांना ही पदविका चालत नाही. ती वाटेतील धर्मशाळा आहे, मुक्कामाचे गाव नव्हे. परिस्थितीने थांबावे लागले तर तिचा आधार घ्यावा, पण ज्याला शक्य आहे त्याने पदवी पुरी करावी.

सुवर्णमहोत्सवी संस्थेपुढे या प्रसंगी एक आदर्श ठेवावासा वाटतो. 1887 साली कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1935 मध्ये साताऱ्यास ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेत हाताचे काम आणि पुस्तक यांत उच्च-नीच नव्हते. गोंदियातही 1958 साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापून या मागास भागात उच्च शिक्षणाची वाट उघडली. त्या पिढीने शिक्षणाची दारे उघडली. आजच्या पिढीचे काम, कोणते दार कोठे नेते हे मुलांना सांगण्याचे आहे.

शास्त्रात ज्ञानदानाचे महत्त्व मोठे आहे. शिष्यवृत्तीचा धनादेश हा त्याचा एक भाग झाला. धनादेशासोबत विश्वस्तांनी विद्यार्थ्यास आणि त्याच्या पालकांस समोर बसवून वरील तीन प्रश्न विचारावेत. समाजातील गिरणीमालक, औषध विक्रेते व कारखानदार यांनी दरवर्षी एक-दोन मुलांना शिकाऊ म्हणून नियमाप्रमाणे विद्यावेतन देऊन ठेवावे. आयटीआय किंवा पदविकेनंतर पुढे शिकू पाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र शिष्यवृत्ती असावी, कारण पैशाअभावी बहुतेकांची वाट तेथेच अडते.

गहाण पडलेली बांधी सोडविता येते. तरुणपणातील दोन वर्षे परत मिळत नाहीत. ती विचारपूर्वक खर्ची पडावीत, एवढीच या शुभप्रसंगी अपेक्षा. जय जिनेंद्र!