मेन राज्यातली ‘सॉल्ट’
अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरात ‘सॉल्ट’ ही डॉक्युमेंटरी शिकवणारी छोटी संस्था आहे. शिक्षिका पामेला वूड यांनी १९७३ मध्ये केनेबंक येथील शाळकरी मुलांना घेऊन तिची सुरुवात केली. मच्छीमार, शेतकरी, होड्या बांधणारे यांच्या आठवणी मुले टिपून घेत आणि ‘सॉल्ट’ याच नावाच्या नियतकालिकात छापत. पुढे लेखन आणि छायाचित्रणाला रेडिओची जोड मिळाली. इथल्या अध्यापनाचा कस वर्गाबाहेर लागतो. विद्यार्थी माणसे शोधतो, त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातो. मग शिक्षक त्याच्यासोबत बसून छायाचित्रे निवडतात, मजकुराची काटछाट करतात, ध्वनिमुद्रण ऐकतात. ज्याची कहाणी त्याचा मान राखणे, हा यातला सर्वांत अवघड आणि मोलाचा धडा. २०१५ मध्ये संस्था बंद पडण्याच्या बेतात होती. २०१६ मध्ये मेन कॉलेज ऑफ आर्टने तिला सामावून घेतले.