दोराच्या टोकाची गाठ



गाइडच्या तासाला बाईंनी आठाची गाठ शिकवली होती, आठवतंय? “मराठी आठ नव्हे गं, इंग्रजी आठ!” यावर सगळा वर्ग हसला होता. दोराचा फेरा करायचा, टोक मूळ दोराच्या मागून वळवून पुढून फेऱ्यात ओवायचं. साधी गाठ ताण पडला की आवळून बसते. ही तिच्याहून जाड, शिवाय नंतर सोडवताही येते. शिडाच्या होडीत दोर कप्पीतून निसटू नये म्हणून टोकाला हीच मारतात.

तिशीत असताना सह्याद्रीतल्या एका कड्यावरून मी दोराने उतरत होते. धुकं दाट. दोर खालच्या टप्प्यापर्यंत पोचलाच नव्हता, ते वरून दिसलं नाही. अचानक हात गाठीवर आला, गाठ उतरायच्या साधनाला अडली आणि मी लोंबकळत थांबले. सोबत्यांनी वर ओढून घेतलं. ती गाठ निघण्याआधी मीच सवयीने मारली होती.

आता ऑफिसात नव्या मुलांना सांगते, प्रोग्राम कुठे थांबणार ते आधी लिहा.

बाई, त्या तासाला माझी गाठ चुकली, तेव्हा तुम्ही ती दहादा मारायला लावलीत. म्हणून आज इथे उभी आहे.