आमच्या घरातलं पर्यावरण

'मुलांचं संगोपन आणि पर्यावरण' या विषयावर बोलाल का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. या विषयावर बोलणाऱ्याचं घर आदर्श असावं, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. आमचं तसं नाही. पण जून 2023 मध्ये आमच्या परसात एक खड्डा खणला, आणि त्यातून जे निघालं त्यानं आमच्या घरात बरंच काही झालं. तेवढंच सांगते.

आमचं घर बारामतीहून इंदापूरला जाताना काटेवाडीच्या पुढे, सणसरच्या अलीकडे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आणि ऊस, यावर चालणारा हा सगळा पट्टा. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, थोरली मुलगी तेव्हा सहावीत आणि धाकटा तिसरीत. पेरूचं कलम लावायचं म्हणून गोठ्याच्या मागे खड्डा खणत होतो. हातभर खोल गेल्यावर फावड्याला काहीतरी अडकलं. मुलीनं ओढून काढलं, तर डायपर! मातीनं काळा झालेला, पण अख्खा. कमरेच्या पट्टीवरची चित्रंसुद्धा ओळखू येत होती.

"आई, हा कुणाचा?"

धाकट्याचा असणार. त्याचे डायपर बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. धाकट्याला लाजून पळावं की हसावं ते कळेना. थोरलीनं मात्र वही आणली. दिवसाला चार डायपर, अडीच वर्षं, म्हणजे एकाचे साडेतीन हजारांच्या वर. दोघांचे सात हजार. "मग बाकीचे कुठे आहेत?"

"पुरले असतील इथंच," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेले.

ते खोटं होतं. काही पुरले, काही बंबात जाळले. आणि पुष्कळसे दिवेलागणीला, पिशवीत बांधून, कालव्यात टाकले. आमच्या भागात ही काही नवलाची गोष्ट नाही. खेड्यात घंटागाडी येते कुठे रोज? पण मी शिकलेली, बी.एड. झालेली. कालवा आमच्या घरापाशी संपत नाही, खालच्या गावांचे तलाव त्यानंच भरतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. डायपरच्या बाहेरचा पापुद्रा प्लास्टिकचा असतो. आत लगदा आणि पाणी शोषून जेलीसारखे फुगणारे दाणे. लगदा कुजतो, बाकीचं राहतं. तेच खड्ड्यातून वर आलं होतं.

सासूबाई ओसरीवर बसून हे पाहत होत्या. म्हणाल्या, "मी तवाच म्हणले हुते, धोतराचे लंगोट शिवून देते. तुलाच लाज वाटली."

खरंय. लाजच वाटली होती. जुन्या धोतराचे लंगोट, लुगड्याची दुपटी हे मला मागासलेपण वाटायचं. आता शहरात हेच कापडी लंगोट रंगीत छापाचे, बटणं लावलेले, महागडे मिळतात. पण इथे मला एक सांगू द्या. लंगोट वापरा असं सांगणाऱ्यानं, ते धुणार कोण, हेही सांगावं. सासूबाईंनी तीन मुलांचे लंगोट कालव्यावर नेऊन धुतले. त्या वेळी त्यांना कुणी पर्यावरणप्रेमी म्हटलं नाही. आमच्या ह्यांनी आयुष्यात एक लंगोट धुतलेला नाही. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं 2008 साली या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात निघालं ते असं, की कापडी लंगोट बरे की विकतचे, हे धुण्यावर ठरतं. एकदम भरपूर धुवा, दोरीवर वाळवा, दुसऱ्या मुलाला तेच वापरा, तर कापडी बरे. गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले, तर फायदा उरत नाही. आमच्याकडे ऊन फुकट आहे, दोरी फुकट आहे. नव्हते ते फक्त आणखी दोन हात.

तर ती वही. शाळेत प्रकल्प दिला होता, 'माझ्या परिसरातील प्रदूषण'. बाकीच्या मुलांनी कारखान्याच्या धुराड्याची चित्रं काढली. आमच्या बाईंनी घराचीच यादी केली. 'डायपर – आई. प्लास्टिकच्या पिशव्या – बाबा. पाचट पेटवणे – आबा.' आणि पाचटापुढे तिनं जास्त लिहिलं होतं. ऊस गेल्यावर रात्री फड पेटवतात, सकाळी अंगणात काजळी पडते, वाळत घातलेले कपडे काळे होतात, आजीला खोकला येतो.

ते आबांनी वाचलं. माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते काही बोलले नाहीत. ताटावरून उठले. नंतर ओट्यावरून त्यांचा आवाज आला, "त्याच फडावर तुझी फी भरतो, पोरी."

चार दिवस ते नातीशी बोलले नाहीत. ज्या आबांच्या खांद्यावर बसून ती मोठी झाली, ते! हे म्हणाले, ओळ खोडून टाक, काय अडलंय? मुलगी रडायला लागली, पण खोडायला तयार होईना. दोघांच्या मधे मी. श्रोतेहो, आपण मुलांना शिकवतो की झाडं लावा, पाणी वाचवा, आणि मुलं शिकली की पहिलं बोट घरातल्याच माणसाकडे जातं. याची तयारी आपली नसते. माझी तर नव्हतीच. माझी स्वतःची ओळ यादीत पहिली होती, आणि तीही अर्धीच खरी होती.

मी तिला म्हटलं, खोडू नकोस. पण आबा पाचट का पेटवतात, ते त्यांना विचारून खाली लिही. नुसता आरोप लिहून कसं चालेल?

ती गेली विचारायला. आबांनी सांगितलं, आणि चांगलं तासभर सांगितलं. पाचट पडलेलं असलं की सरीतनं पाणी पुढे सरकत नाही. बुडखे छाटता येत नाहीत. उंदीर होतात. शेजाऱ्यानं पेटवलं तर आपलं आपोआप पेटतं. आणि मजूर मिळत नाही. पाच कारणं. तिनं पाचही लिहून घेतली. त्या तासानं दोघांचा अबोला सुटला, हा माझ्या लेखी त्या प्रकल्पाचा सगळ्यात मोठा उपयोग.

ते वर्षही वाईट होतं. 2023 चा पावसाळा कोरडा गेला. ऑक्टोबरअखेर सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती आणि इंदापूर दोन्ही होते. कालव्याच्या आवर्तनाचा भरवसा नव्हता. मी घरात मुलांच्या मागे लागले होते, एका बादलीत आंघोळ, नळ चालू ठेवायचा नाही. एक दिवस धाकटा म्हणाला, "आबा तर रात्रभर पाणी सोडतात." थोरलीनं लगेच हिशेब मांडला. एका एकराला एकदा तीन इंच पाणी दिलं, तर तीन लाख लिटर होतं. पंधरा लिटरच्या वीस हजार बादल्या. धाकट्याच्या चौपन्न वर्षांच्या आंघोळी, उसाच्या एका पाळीत.

आता यावर आई काय बोलणार? महाराष्ट्रातल्या पिकाखालच्या जमिनीत ऊस चार टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी तो पितो, हे कृषी खर्च आणि मूल्य आयोगाच्या अहवालांत आलेलं आहे. त्याच उसावर आमचं घर उभं आहे. मी मुलांना दोन्ही सांगितलं. बादलीची शिस्त मात्र सोडली नाही. तीस बत्तीस माणसांच्या वस्तीत एका हापशावर वाढलेली मी, नळ वाहताना मला बघवत नाही.

बारामतीजवळ शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे. डिसेंबरमध्ये आबा तिथे गेले, नातीला बरोबर घेऊन. मी गेले असते तर कदाचित आले नसते. तिथून पद्धत कळली. ऊस तुटल्यावर पाचट न पेटवता एक सरी सोडून दुसऱ्या सरीत भरायचं, पाणी मोकळ्या सरीतनं द्यायचं. बुडखे जमिनीलगत छाटायचे. पाचटाच्या टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारे जिवाणू टाकायचे. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. पेटवलं तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं, ठेवलं तर मातीत उतरतं, आणि मुख्य म्हणजे ओल टिकते.

आबांनी तीनपैकी एका एकरात करून पाहिलं. उरलेले दोन पेटवले. त्या रात्री काजळी अंगणात पडलीच. सकाळी कपडे झटकताना थोरली काही बोलली नाही, आणि आबाही तिच्याकडे न बघता चहा प्यायले. मार्चमध्ये कालव्याचं आवर्तन लांबलं. पेटवलेल्या फडातला खोडवा दुपारी माना टाकायचा, पाचटातला तग धरून होता. आबा पाचट बाजूला सारून माती उचलायचे आणि येईल-जाईल त्याच्या हातावर ठेवायचे. "गार लागती का बघ." उंदीर मात्र झाले. तेही सांगायला हवं.

माझं माहेर भिगवणच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याच्या काठी. धरण 1980 साली पूर्ण झालं, माझ्या आजीचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. आम्ही भावंडं त्याच पाण्यात पोहायला शिकलो. मे 2024 मध्ये मुलांना घेऊन गेले. पाणी इतकं खाली गेलं होतं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलेलं. लांबवर थोडे रोहित पक्षी उभे होते. मुलं पाण्याकडे धावली तसं माझी आई ओरडली, "उतरू नका, अंगाला खाज सुटती." पाणी हिरवंगार, कडेला फेस. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येतं, आणि भीमेतून इथे. आई पुणेकरांच्या नावानं बोटं मोडत होती. "त्यांनी टाकायचं आन आमी नाकाला पदर लावायचा."

मुलगी माझ्याकडे वळली. "आई, आपल्या कालव्याखाली पण गावं आहेत ना?"

तिला काही ठाऊक होतं असं नाही. ती सहज बोलली. पण मला पुढे चालवेना. तिथेच काठावर बसून मी तिला सांगितलं, ते सगळे पुरले नव्हते. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मग यादीत बदल करावा लागेल." आणि घरी आल्यावर केलाही. प्रकल्पाची वही शाळेतून केव्हाच परत आली होती, तरी केला.

जुलैमध्ये पालखी आली. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामाला जाताना आमच्या दारावरून जाते. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या, मेंढ्यांचं रिंगण, मग आमच्याकडे वारकऱ्यांना पिठलं-भाकरी. दरवर्षी जेवणं झाली की उकिरड्यावर ताटांचा ढीग. 2018 पासून राज्यात थर्माकोलच्या ताटांना बंदी आहे, म्हणून आम्ही कागदी आणायचो, पण त्यांनाही आतून चकचकीत पापुद्रा असतोच. या वेळी थोरलीनं हट्ट धरला, स्टीलची ताटं. मंडळाकडून अडीचशे ताटं आणली.

"धुणार कोण?" सासूबाईंनी विचारलं. अगदी माझाच प्रश्न.

ह्यांनी शर्टाच्या बाह्या सारल्या. खरं सांगते, मी थक्क झाले. हे आणि धाकटा अंगणात बसले, एक घासतोय, एक विसळतोय. दोन वारकरी माऊल्या स्वतःहून हाताखाली बसल्या. आबा राख आणून देत होते. अंधार पडेपर्यंत ते चाललं. ह्यांची पाठ दुसऱ्या दिवशीही दुखत होती, आणि ते दहा जणांना तरी सांगितलं गेलं.

रात्री थोरलीनं वही काढली. मी खांद्यावरून डोकावले. 'ताटं – अडीचशे. कचरा – नाही. पाणी – दीड टाकी.' दीड टाकीच्या पुढे तिनं प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि आबांना हाक मारत होती, की विसळलेलं पाणी पेरूला सोडलं असतं तर चाललं असतं का.